निरंक दैवशाला

विषय : चारी क्रमांक सतराच्या वाटेवरील चकव्याने केलेल्या सहीबाबत.
संदर्भ : कौतिका मच्छिंद्र सांगळे, ऊसतोड कामगार, यांचा मुलीला शाळेत बसू देण्याविषयीचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगतो, ते ऐका. शेकोटीत मूठभर पाचट टाका आणि मागच्यांनी पुढे सरका. ज्याला भीती वाटते त्याने मधे बसावं. सगळ्यांनीच मधे बसू नये.

तर कौतिका. डोंगरपट्ट्यातून दर साल दिवाळीनंतर ऊसतोडीला यायची. नवरा मच्छिंद्र, मुलगी दैवशाला. आता ऊसतोडीत कसं असतं, नवरा-बायको मिळून एक धरतात. त्याला म्हणतात ‘एक कोयता’. माणसं कुणी मोजत नाही, कोयते मोजतात. हे ध्यानात ठेवा, पुढे ते भुतालाही नडणार आहे. आणि पोरं? पोरं कशातच मोजत नाहीत. ती नुसती असतात.

दैवशाला नऊ वर्षांची. गावाकडे तिसरीत. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष उसाच्या फडावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. जोडाक्षरं यायला लागली की ट्रक यायचा आणि उन्हाळ्यात परत जावं तर जोडाक्षरं पळून गेलेली. यंदा कौतिकाने मनावर घेतलं. गावच्या शाळेतून हमीपत्र, म्हणजे फडाकडच्या शाळेत बसायचा कागद, आणलं, अर्ज लिहून घेतला आणि एके दिवशी भर दुपारी कोयता ठेवून पोरीला कुरणवाडीच्या शाळेत नेलं.

तिथले खराडे गुरुजी माणूस वाईट नव्हते. फक्त कागदाला भ्यायचे. त्यांनी हमीपत्र उलटसुलट पाहिलं.

“यावर गणती कारकुनाची सही नाही. मूल खरोखर फडावर आलंय, असं त्याने लिहून द्यावं लागतं.”

“मूल तर हे समोर उभंय, गुरुजी.”

“दिसतंय मला. पण दिसून चालत नाही, बाई. सही लागते.”

“मग कारकून कुठं बसतो?”

“पद रिक्त आहे. अकरा वर्षं.”

“मग सही कुणाची आणू?”

“ते मला विचारू नका. पहाटे पाचच्या गाडीने मी पट घेऊन तालुक्याला चाललोय. एकदा पट गेला की यंदाचा विषय संपला. तोवर घरी आणून द्या.”

ऐकलंत? सही हवी, सही करणारा नको.

कौतिका फडावर परतली. अंधार पडेपर्यंत मोळ्या बांधल्या, गाडी भरली. मच्छिंद्र गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत गेला, तो आता सकाळीच यायचा. कौतिकाने भाकरी खाल्ली, अर्ज आणि हमीपत्र पदरात बांधलं आणि म्हणाली, “चल दैवी. सही नाही तर नाही. गुरुजीच्या दारात बसू. त्याला लाज वाटंल तवा वाटंल.”

शेजारच्या खोपीतून धुरपदा म्हातारी ओरडली, “मोठ्या सडकेनं जाय गं! चारीच्या वाटेला चकवा हाय. एकट्या माणसाला धरतो, रातभर फिरवतो!”

“जोडीला धरतो का?”

“जोडीला नाय धरत.”

“मंग दैवी हाय की संगं,” म्हणाली, आणि निघाली चारीच्याच वाटेने. सडकेने दोन तास लागतात, चारीने अर्धा. दिवसभर वाकून ऊस तोडलेल्या बाईला भुतापेक्षा दीड तास मोठा वाटतो.

निघाल्या. एका अंगाला चारीचं, म्हणजे कालव्याच्या पाटाचं, पाणी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर उंच ऊस. वारा नाही, तरी ऊस सळसळतोय. पाण्याच्या पंपाची एक पडकी मोटारखोली आली. गेली. थोड्या वेळाने मोटारखोली आली. गेली. पुन्हा मोटारखोली!

“माय, ही तीच हाय. दारावर कोळशानं बैल काढलाय.”

“असू दे. चाल.”

चौथ्यांदा आली. आता दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. कौतिका नाही. जातीच्या दाखल्यासाठी तिला तहसिलात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तीन महिने फिरवलं होतं. एका मोटारखोलीचं तिला काय कौतुक!

चकव्याच्याही लक्षात आलं, बाई तयारीची आहे. मग उसातून आवाज आला. हुबेहूब मच्छिंद्राचा! “कौतिकाऽऽ! अगं कौतिकाऽऽ, इकडं ये!”

कौतिका थांबली. ऐकलं. आणि थुंकली.

“लगीन होऊन बारा वर्सं झाली, त्यानं कधी मला नावानं हाक मारली नाय. ‘अगं ए’ म्हणतो. चाल गं दैवी.”

आता मात्र चकवा चिडला. ऐका हं, श्वास धरून ऐका. वाटेच्या मधोमध उजेड झाला. कंदील! कंदिलाखाली टेबल. टेबलामागे खुर्ची. खुर्चीत एक माणूस, नाकावर चष्मा, समोर ही एवढी वही. आणि टेबलाखाली पाय. बूट चकचकीत, पण टाचा पुढे, चवडे मागे!

हे होते वामन कुलथे, गणती कारकून. त्यांचीच जागा अकरा वर्षं रिकामी. जिवंतपणी फडावर मुलं मोजायचं काम होतं त्यांना. पण फडावर जायला चिखल लागतो. ते सडकेवरच्या टपरीत बसायचे, चहा घ्यायचे आणि प्रत्येक फडापुढे लिहायचे, ‘शाळेबाहेरील मुले : निरंक’. निरंक म्हणजे काहीच नाही. सरकारी भाषेत यापेक्षा सुखाचा शब्द नाही. एका संध्याकाळी जवळची वाट म्हणून चारीने निघाले, पाय घसरला, संपलं. वर गेले तर तिथल्या कारकुनाने वही तपासली आणि खाली पाठवलं. म्हणाला, गणती पुरी करून ये.

“रांगेत या!” कुलथे गरजले. रांगेत होतं कोण? पण सवय.

कौतिका पुढे झाली.

“किती जण?”

तिच्या तोंडून नेहमीचं उत्तर गेलं. “एक कोयता.”

कुलथ्यांनी लेखणी उचलली आणि तशीच धरली. “एक कोयता म्हणजे दोन माणसं. दुसरं कुठाय?” कंदील उचलून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चेहरा उतरला. एकट्याला धरायचा अधिकार, जोडीला नाही! “मला तर तू एकटीच दिसतेस.”

“लेक हाय की माझी. ही काय, तुमच्या टेबलाला टेकून उभी.”

“मुलं या फडावर निरंक आहेत.”

आणि ऐका, खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याला दैवशाला दिसतच नव्हती! आपल्या हाताने निरंक लिहिलेलं डोळ्यांना दिसणार कसं?

पोरगी मोठी बेरकी. तिने कुलथ्यांच्या नाकासमोर बोटं नाचवली. काही नाही. चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. कुलथे नाक चाचपू लागले. मग वही स्वतःकडे ओढली आणि बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचायला लागली.

“निऽऽ... रंऽऽ... क. निऽऽ... रंऽऽ... क.”

कुलथे खुर्चीतून ताडकन उठले. “कोण आहे? कोण वाचतंय?”

“निऽऽ... रंऽऽ... क!”

“भूत! भूत! बाई, इथं भूत आहे!”

“भूत नाय, भाऊसाहेब,” कौतिका म्हणाली, “निरंक हाय. लई दिसांपासनं तुमच्या वहीत हाय.”

“घालव तिला!”

“घालवते. पण ती अशी जात नाय. ‘ती हाय’ अशी सही लागते. नायतर रोज रातीला येऊन वाचील. तिला आता जोडाक्षरं शिकायचीत.”

कौतिकाने पदराची गाठ सोडली. हमीपत्र पुढे केलं. सही झाली. तारीख पडली. शिक्का उमटला. मेला तरी शिक्का सोबत ठेवला होता माणसाने!

शिक्का उमटला मात्र, आणि त्यांना समोर दिसली नऊ वर्षांची पोरगी, त्यांचा चष्मा घालून, त्यांच्याच वहीवर कोपर टेकून बसलेली.

“दिसली!” कुलथे हसले. मंडळी, त्या हसण्याने चारीचं पाणी थांबलं. “नोंद झाली! नोंद झाली ते माझं! चल पोरी, गणतीत चल!”

लांबच लांब हात टेबलावरून आला. दैवशाला चष्मा फेकून पळाली. कौतिका कागद तोंडात धरून पळाली. मागे उलट्या बुटांची टपटप, टपटप! पोरीची वेणी त्याच्या मुठीत आली. कौतिकाने पोरीला ओढलं, त्याने वेणी ओढली, आणि रिबीन सुटली! दोघी चारीवरच्या पुलाशी असलेल्या हद्दीच्या दगडावरून पलीकडे आदळल्या.

टपटप थांबली. कुलथे दगडाशी उभे. एक पाऊलही पुढे टाकेनात.

“या की,” कौतिका धापा टाकत म्हणाली.

“येता येत नाही,” कुलथे हळहळले. “माझी हद्द इथवरच. पलीकडचं दुसऱ्या सर्कलमध्ये येतं.”

पहाटे चारला खराडे गुरुजींचं दार वाजलं. त्यांनी सही पाहिली आणि ओट्यावरच बसले. अक्षर कुलथ्यांचं. शिक्का कुलथ्यांचा. तारीख कालची.

“बाई, हा माणूस वारलाय.”

“त्याला माझी पोरगी दिसली, गुरुजी. तुमाला बी दिसती. आता सही बी हाय.”

गुरुजींना कागद घेववेना आणि नाकारवेना. शेवटी त्यांनी अर्ज वर पाठवून विचारलं, की मयत कर्मचाऱ्याची सही ग्राह्य धरावी काय. सोबत स्वतःच्या हिमतीने एक ओळ लिहिली, आयुष्यात पहिल्यांदाच : ‘निर्णय होईपर्यंत मुलीस वर्गात बसू देत आहे.’

म्हणून सांगतो, चारीच्या वाटेने जाऊ नका. एकट्याने नको आणि जोडीनेही नको. कुलथ्यांना आता पोरं दिसायला लागलीत. हातात लाल रिबीन घेऊन ते रात्रभर चारीच्या कडेने मोजत फिरतात, आणि मोजणी काही संपत नाही.

या गोष्टीला तीन हंगाम झाले. दैवशाला दर हंगामाला पहिल्या बाकावर बसते. आता सहावीत आहे. ‘ग्राह्य’ हा शब्द न अडखळता वाचते.

अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.