भुंकणारं पिल्लू

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मावशीचं सांगतो. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. मावशी सोनाळ्याला एकटीच राहायची. पडून खुबा मोडल्यापासून काठी टेकत दारातल्या बाजेपर्यंत यायची, तेवढंच. पोरी सासरी. रस्त्यानं जाणारे ‘बरं हाय न मावशी?’ म्हणायचे, पण उत्तराला थांबायचे नाहीत.

सोबतीला कुत्रं द्यावं असं मी ठरवलं. मोठं कुत्रं पायात येऊन तिला पाडेल, म्हणून मलकापूरहून बुटक्या जातीची दोन पिल्लं टोपलीत घालून नेली. एक लगेच तिच्या पायाशी झोपलं. दुसरं येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत सुटलं.

“हे शांत पिल्लू ठेव मावशी,” मी म्हणालो.

“नाही रे बापा. मले ते भुंकणारं दे.”

“अवो, दिवसभर भुंकीन ते! लोक भांडाले येतीन.”

“येऊ दे न. कोणी येतीन तरी.”

मी भुंकणारं तिच्यापाशी सोडलं. शांत पिल्लू घेऊन परत आलो.

पुढच्या खेपेला मी तिथंच बसलो होतो, तेव्हा शेजारची गोदाबाई तणतणत आली. “मावशी, तुह्यं कुत्रं माह्या लेकराले झोपू देत नाही!”

मावशीचा चेहरा असा उजळला! बाजेवर सरकून तिनं जागा केली आणि म्हणाली, “खरं हाय बाई तुह्यं. पण आधी चहा मांड, मंग बसून भांड. घाई नोको करू.”