नवरदेवाविना परण्या

मंडळी, टाळ जरा थांबवा. पेटीवाले, तुम्ही मात्र बोटं तयार ठेवा! आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. पुढारी कोण?

कोण म्हणालं ते — ‘जो सगळ्यांच्या पुढं चालतो तो’? वा! सोपं झालं! मग लग्नाच्या वाजंत्रीला घाबरून एक कोंबडी पुढं पळत सुटते बघा — सगळ्यांच्या पुढं, नवरदेवाच्याही पुढं! तिला करू या का अध्यक्ष?

हसू नका हो! पहिल्या रांगेत दूध संस्थेचं संचालक मंडळ बसलंय. त्यांनीच आजचं कीर्तन ठेवलंय, आणि कीर्तनानंतर आमटी-भातही त्यांचाच आहे. मी कोंबडीबद्दल बोलतेय, कोंबडीबद्दल!

तर आज आपण चार शब्द धरले आहेत. पोथीत शोधू नका, सापडायचे नाहीत, चुलीपुढं जुळवलेत —

*पुढे चाले त्याने पाहावे मागे,*
*मागच्यांच्या डोळी विठ्ठल जागे!*

मागच्यांच्या डोळ्यांत विठ्ठल जागा असतो म्हणे. मग पुढच्याच्या डोळ्यांत काय असतं? ऐका!

एक होते दत्तोबा आवळे. बँडमास्तर! लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर गोंडे, हातात चांदीच्या मुठीची काठी. कोट जुना होता, पण दत्तोबांनी तो अंगात घातला की उंची वाढायची. बँड बापाच्या हातचा. त्या बँडवर सगळ्यांच्या चुली पेटायच्या — क्लॅरनेटवाले मेहबूबभाई, ट्रम्पेटवाला रंगनाथ, मोठ्या ढोलाचा शिवाप्पा. आणि खुळखुळा वाजवायला निवृत्ती, मास्तरांच्या बायकोचा भाऊ. मेहुणा! आता मेहुण्याला बँडमध्ये खुळखुळाच मिळणार ना? दुसरं काय मिळणार?

आणि या बँडचा एक कडक नियम होता. मास्तरांची काठी खाली आल्याशिवाय सूर थांबायचा नाही. वीज पडो, पाऊस येवो, घोडा उधळो — वाजवत राहायचं!

झालं काय, गावोगावी डीजे आला. काम आटलं. अशात परगावचं एक लग्न मिळालं. नवऱ्या मुलाचे चुलते आप्पासाहेब खोत हे तिथल्या यात्रा कमिटीचे प्रमुख. त्यांनी दत्तोबांना स्पष्टच सांगितलं, “मास्तर, लग्नात बघतो. नीट वाजवलंत तर यात्रेची पालखी दरसालची तुमची. न्हाई तर यात्रेला डीजे!”

मंडळी, यात्रा मिळाली तर बँड जगणार. नाही मिळाली तर कोट खुंटीला, आणि शिवाप्पा ढोल सोडून वीटभट्टीवर! दत्तोबांना झोप लागेना. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

म्हणाले, “ऐका रे. जानवसघरापासनं मांडवापर्यंत एकच धून! अखंड! मधी सूर तुटू द्यायचा न्हाई. खोत तोंडात बोट घालतील!”

निवृत्ती हळूच म्हणाला, “दाजी, पण मारुतीच्या देवळापाशी नवरदेव घोड्यावरनं उतरणार. पाया पडणार. तिथं थांबायला नको व्हय?”

दत्तोबांनी त्याच्याकडं पाहिलं. “निवृत्ती.”

“जी दाजी.”

“तू खुळखुळा वाजव!”

हाऽऽ हाऽऽ हाऽऽ! सगळे हसले. निवृत्तीही हसला — बिचारा, काय करणार? दत्तोबांनी विचारलं, “बाकी सगळ्यांना पटलं न्हवं?”

“पटलं, मास्तर!”

एकमताने मंजूर! … संचालक मंडळ, तुम्ही का खोकताय?

लग्नाचा दिवस उजाडला. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याला आपल्याकडं परण्या म्हणतात. तर परण्या निघाला! पुढं दत्तोबा, मागं बँड, त्यामागं घोडा, घोड्यावर नवरदेव, आणि सगळ्यांच्या मागं हिरव्या-जांभळ्या साड्यांचा नुसता पूर! काय वाजत होते हो! ढोल म्हणे ‘धम’, ट्रम्पेट म्हणे ‘मी’, आणि खुळखुळा आपला ‘मीपण, मीपण, मीपण’!

दत्तोबांना वाटलं, बाप वरून ऐकतोय. डोळे भरून आले, म्हणून मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांसमोर काय दिसलं असेल? यात्रा! पालखी! गुलाल! खोत स्वतः नारळ देताहेत!

इकडं देऊळ आलं. घोडा थांबला. नवरदेव उतरला. खोतांनी हात वर केला — थांबा! आणि दत्तोबा? धडाधड पुढं! देवळापाशी वाट फुटते; उजवीकडं मांडव, डावीकडं कुंभारगल्ली. मास्तर वळले डावीकडं. बँड वळला डावीकडं. परण्या राहिला मारुतीपाशी!

आता तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं कसं नाही? अहो, सांगणार कोण? क्लॅरनेटवाल्याच्या तोंडात क्लॅरनेट. ट्रम्पेटवाल्याच्या तोंडात ट्रम्पेट. शिवाप्पाचं तोंड मोकळं, पण ढोलापुढं त्याला स्वतःचंच ऐकू येईना. आणि निवृत्ती? त्याचंही तोंड मोकळं होतं, मंडळी. अगदी मोकळं. पण त्याला सांगितलं होतं ना — तू खुळखुळा वाजव! तो वाजवत होता.

मेहबूबभाईंनी मात्र एक युक्ती केली. भर धुनीत त्यांनी एक भलताच सूर काढला — प्वँऽऽ! मास्तरांनी वळून बघावं म्हणून!

दत्तोबांच्या कपाळावर आठी. मनात म्हणाले, ‘म्हातारा झाला मेहबूब. आजच घात करणार!’ आणि काठी आणखी जोरात हलवली. रंगनाथाला मेहबूबभाईंचा डाव कळला. त्यानंही ट्रम्पेटमधून रेडा ओरडवला. शिवाप्पानं ताल सोडून ढोल बडवला. सगळा बँड जीव तोडून सांगतोय — मास्तर, मागं बघा! मास्तर, मागं बघा! आणि मास्तरांना काय ऐकू येतंय? सगळे बेसूर झाले! सगळे माझ्यावर उलटले!

असं होतं का नाही हो? आपल्याला सावध करणारा आपल्याला बेसूरच वाटतो. ‘याला काय कळतंय’ — आणि आपली काठी आणखी जोरात!

गल्ली संपली. खरोखर संपली. पुढं भिंत! भिंतीला लागून घर, आणि अंगणात गोदाक्का कुरडया वाळवत बसलेली. एवढा लाल कोट अंगणात बघून ती उठली, पदर खोचला.

“अगं बाई! कुणाचं लगीन? माझ्या घरात लग्नाचं मांजरसुदिक उरलं न्हाई!”

दत्तोबांनी डोळे उघडले. काठी खाली आली. सूर थांबला.

“आन् नवरा कुठाय रं?” गोदाक्कानं विचारलं.

मग, मंडळी, त्या दिवशी पहिल्यांदा दत्तोबा आवळे मागं वळले. बघतात तर घोडा नाही. नवरदेव नाही. साड्यांचा पूर नाही. गल्लीच्या तोंडापासून मागोमाग आलेली एक शेळी तेवढी उभी — कुरडयांकडं बघत!

दत्तोबा म्हणाले, “सांगायचं न्हाई व्हय रं कुणी?”

मेहबूबभाईंनी क्लॅरनेट पुसली. शांतपणे म्हणाले, “मास्तर, सांगत व्हतो की. पर तोंडातनं दुसरं काय निघणार?”

बास! तेवढं वाक्य दत्तोबांच्या काळजात गेलं. आता मुहूर्त जवळ आलेला, खोत तापलेले, यात्रा हातची चाललेली. सवयीनं काठी वर गेली. ‘पळा माग—’ एवढं ओठावर आलं, आणि मास्तरांनी ते गिळलं. काठी काखेत धरली.

“आता मी बोलत न्हाई,” म्हणाले. “आधी तुम्ही सांगा. मी शेवटी. निवृत्ती, पयला तू.”

निवृत्तीनं आधी हातातल्या खुळखुळ्याकडं पाहिलं. खात्री केली, चेष्टा नाही ना! मग म्हणाला, “दाजी, वाजवत गेलो तर लोकांस्नी वाटंल आपल्याला चूक कळलीच न्हाई. गप जाऊ. आन् खोतांस्नी तुम्हीच सांगा.”

रंगनाथ म्हणाला, “येडा का? सरळ मांडवात जाऊन हुबं राहू! म्हणू, तुमचीच वाट बघतोय.”

शिवाप्पा म्हणाला, “घोडा बुजला म्हणून सांगू.”

मेहबूबभाई म्हणाले, “घोडा तिथंच हाय, शिवाप्पा. त्यो खोटं बोलंल का तुझ्यासाठी?”

तेवढ्यात गोदाक्का म्हणाली, “मला कुणी इचारत न्हाई, पर माझं परसदार उघडलं की म्होरं मारुतीचं मागलं अंगण हाय. गल्लीनं वळसा कशाला घालताय?”

दत्तोबांनी सगळं ऐकलं. मग शेवटी बोलले. “गोदाक्काच्या दारानं जायचं. गप जायचं. सांगायचं ते मी सांगतो. चला!”

आणि निघाला की हो बँड गोदाक्काच्या स्वयंपाकघरातून! “आमटीला धक्का लावू नका रे! त्यो बाजा शिंक्याला अडकला बघ! कुरडई कुणी खाल्ली?” मोठा ढोल दारात अडकला — ना आत, ना बाहेर! पुढून निवृत्ती ओढतोय, मागून शिवाप्पा रेटतोय, आणि गोदाक्का ओरडतेय, “तिरका घ्या रे मुडद्यांनो, तिरका!” निघाला एकदाचा. मागोमाग शेळी!

देवळात नवरदेवाच्या आत्याचा नारळ काही केल्या फुटत नव्हता. मारुतीरायानं धरून ठेवला असेल! तो फुटला, नवरदेव बाहेर आला, आणि देवळामागून लाल कोट आणि त्यामागं बँडची रांग बाहेर पडली. लोकांना वाटलं, ही काहीतरी खास करामत! टाळ्या पडल्या! रंगनाथ कानाशी म्हणाला, “मास्तर, गप ऱ्हावा! ठरवूनच केलं म्हणू!”

केवढा मोह, मंडळी! यात्रा अशी हातात येऊन बसलेली!

दत्तोबा खोतांसमोर गेले, टोपी काढली. “आप्पासाहेब, वाट चुकली. माझी चुकली. ही माणसं मला सांगत व्हती, मी ऐकलं न्हाई.”

खोतांच्या मिशा थरथरल्या. “आन् आता?”

“आता मागं बघत चालतो.”

आणि खरंच हो! तोंड बँडकडं, पाठ मांडवाकडं — दत्तोबा उलटे चालायला लागले! त्यांची नजर मागं, आणि त्यांच्या पुढची वाट बघायला अख्खा बँड. मेहबूबभाईंनी भुवई उडवली की मास्तर थांबत. आणि निवृत्ती, खुळखुळा थांबवून, मोकळ्या गळ्यानं — “मास्तर, खड्डा! मास्तर, डावीकडं! मास्तर, शेऽऽण!”

नवरदेव हसून हसून घोड्यावरून घसरायला आला. म्हाताऱ्या नाचल्या. गोदाक्का कुरडया सोडून नाचली! आणि धून? तुटत होती, जुळत होती, पण एक माणूस मागं राहिलं नाही.

मांडवात खोतांनी दत्तोबांना जवळ घेतलं. “यात्रा तुमची. कमिटीला मी सांगतो. पर एक अट हाय.”

“बोला, आप्पासाहेब.”

“तो खुळखुळेवाला मला अधनंमधनं उसना द्या. माझ्या कमिटीत सगळे ‘हो आप्पासाहेब’ म्हणत्यात. ‘शेण’ म्हणून सांगणारं एक बी न्हाई!”

… अध्यक्षसाहेब, हसलात! बरं वाटलं. उद्या तुमची बैठक आहे ना? ठराव वाचला जाईल, सगळे हात वर जातील. हातांवर जाऊ नका हो, तोंडं बघा. कुणाच्या तोंडात आपणच काहीतरी कोंबून ठेवलंय का? कुणाला कधी हसत हसत म्हणालोय का, तू खुळखुळा वाजव? आणि माय-बहिणींनो, तुम्ही कुठं अध्यक्षांकडं बघताय? घरातली काठी कुणाच्या हातात आहे, हे काय मला माहीत नाही?

चला, आता सगळ्यांनी ध्रुपद म्हणायचं. पेटीवाले, सूर द्या.

थांबा, थांबा! अध्यक्षसाहेब, तुम्ही नाही. आधी ते मागं खांबाला टेकलेले काका म्हणतील. मग बायका. मग संचालक.

तुम्ही ऐका. तुम्ही शेवटी!

हं काका, होऊ द्या —

*पुढे चाले त्याने पाहावे मागे …*