सरजाबाई आज उठणार नाहीत

(पिंगळीच्या बुद्धविहाराची ओसरी. रविवार, सकाळचे साडेसात. ओसरीत गॅसची शेगडी, आत चटया अंथरलेल्या. मधल्या भिंतीत एक उघडी खिडकी.)

सरजाबाई : चमचा ठेवा खाली. काय ढवळायलाव? निस्तं पाणी हाय ते.

सूर्यभान : पाणी हाय म्हून तर ढवळायलोय. चहा असता तर हात लावायची हिंमत झाली नसती.

सरजाबाई : मग आता करा हिंमत. आठला पंचवीस माणूस येतंय. आन म्या आज आत बसणार हाय. सुरवातीपासून शेवटपर्यंत. एकदाबी उठणार न्हाई.

सूर्यभान : तीन रविवार तूच केलास की चहा. चौथ्याला काय झालं?

सरजाबाई : तेच झालं. तीन रविवार समदे आत डोळे मिटून बसतेत, चहाच्या पाण्यानं चित्रं काढतेत, हसतेत, आन मी हितं कप इसळायले. मागल्या येळंला आत जाऊन टेकले न टेकले, तवर भगवानरावांची हाक. सरजाबाई, घोटभर हाय का?

सूर्यभान : तुझ्या हातची चव हाय म्हून मागतेत. टेसनाम्होरं तीस वर्सं हाटेल चालवलंस, उगंच का?

सरजाबाई : तीस वर्सांत एक कप तरी बसून पिताना पाह्यलाव मला? उभ्यानं पिले. तेबी गार. मला एकदा निस्तं बसायचंय हो. दुसरं काय मागणं न्हाई.

सूर्यभान : मग घरी बस की. कोण नको म्हणायलंय?

सरजाबाई : घरी बसलं का तुमीच म्हणता, बसलीच हायस तर चहा टाक.

सूर्यभान : ...बरं. सांग. पत्ती किती?

सरजाबाई : ह्या वाटीनं दीड वाटी. पाण्याला बुडबुडं आल्यावर. आधी अद्रक, मग पत्ती, मग साखर, शेवटाला दूध. दूध घातल्यावर तीन उकळ्या.

सूर्यभान : अद्रक, पत्ती, साखर, दूध. तीन उकळ्या. लिहून दे ना.

सरजाबाई : रेल्वेत चौतीस वर्सं काढलाव ती लिहून काढलाव का? पटरीवर हातोडा मारला का बोल्ट ढिला हाय का घट्ट, कशावरनं कळत व्हतं?

सूर्यभान : आवाजावरनं. ढिला असला का बद्द वाजतंय.

सरजाबाई : मग हितंबी तसंच. दूध पडलं का आधी सूं सूं वाजतंय. वर यायच्या आधी आवाज जड होतोय. जड झाला का ग्यास बारीक करायचा. डोळ्यानं बघत बसलाव तर उतू गेलंच म्हणून समजा.

सूर्यभान : कानानं चहा करायचा. हे पयल्यांदाच ऐकायलोय.

सुकेशनी : काकू! काकू, ऐकलं का? एकतीस जण होतायत, एकतीस!

सरजाबाई : आगं, हळू. चप्पल तरी काढ. कोण वाढलं?

सुकेशनी : पोखर्णीच्या नर्मदाबाई, अख्खं भजनी मंडळ घेऊन! सहा जणी ऑटो करून निघाल्यात. काल जिंतूरहून येताना बसमध्ये शेजारच्या बाईला मी सहज म्हटलं, मी शाळेत चित्रकला शिकवते आणि दर रविवारी पिंगळीत आम्ही शांत बसतो, चहा पितो, चित्र काढतो. एवढंच बोलले! ती नर्मदाबाईंची जाऊ निघाली.

सूर्यभान : भजनी मंडळ? आन गप बसणार?

सुकेशनी : तेच तर बघायचंय काका! मला तर रात्रभर झोप नाही लागली. बरं, तुम्हाला समजलं ना सगळं? भगुनी दोन. मोठ्यात नेहमीचा चहा, प्यायला. छोट्यात कोरा, एकदम घट्ट, चित्राच्या रंगासाठी. त्यात दूध नाही, साखर नाही. नुसती पत्ती आणि पाणी.

सूर्यभान : कोरा? एवढी पाहुणी मंडळी येणार, आन कोरा चहा?

सुकेशनी : तो प्यायचा नाही, काका. त्यात कुंचला बुडवायचा. हे बघा, लिंबाच्या काड्यांची टोकं चावून कुंचले केलेत मी. तोंड अजून कडू आहे.

सूर्यभान : पर आपल्यात कोरा चहा कवा करतेत, ठावं हाय ना तुला? मयत झालं का. ज्या घरी चूल पेटत न्हाई, त्या घरी शेजारी करून नेतेत.

सुकेशनी : आपण तर चित्र काढायलोत. त्याला काय होतंय?

सूर्यभान : ...बरं. तू मास्तरीण हायस. तू म्हणशील तसं.

सरजाबाई : लय लवकर ऐकलाव. असं कवा ऐकत न्हाईत हे, सुकेशनी. ध्यान ठिव.

सूर्यभान : जा गं तू आत. जाऊन बस. कवाची बसायचं बसायचं करायलीस.

सरजाबाई : जाते. आन म्या बसल्यावर मला हाक मारायची न्हाई. काय बी झालं तरी. छत पडलं तरी.

सूर्यभान : छत पडलं तर तूच हाक मारशील मला.

सुकेशनी : चला काकू, आले सगळे. या, नर्मदाबाई, या! तिकडं भगवानरावांच्या शेजारी. काकू, तुम्ही मात्र खिडकीपासून लांब बसा. तिथं चहाचा वास येतो.

सरजाबाई : न्हाई. खिडकीपाशीच बसते. तिथं बसून न्हाई उठले तरच खरं.

सुकेशनी : बरं. सगळ्यांनी डोळे मिटा. वीस मिनिटं काहीच करायचं नाही. आवाज आला तर ऐकायचा, विचार आला तर येऊ द्यायचा, त्याच्यामागं धावायचं नाही. मी ही पितळी वाजवली की डोळे उघडायचे. मग चहा येईल. तोही न बोलता, घोट घोट, चव बघत प्यायचा. त्यानंतर चित्र.

सूर्यभान : सरजा... ए सरजा. अद्रक आधी का पत्ती?

सुकेशनी : काका, शूऽ.

सूर्यभान : तुला न्हाई इचारलं. सरजा, अद्रक आधी ना?... घातली म्या. आता बोलून उपेग न्हाई.

सुकेशनी : काका, सगळ्यांना ऐकू जातंय.

सूर्यभान : जाऊ दे. आवाज आला तर ऐकायचा, तूच म्हणलीस की... सरजा! दूध घातलं. आगं, दूध घातलं आन समदं गप झालं. वाजतच न्हाई काय. सूं सूं कुठाय?

सुकेशनी : काका, प्लीज.

सूर्यभान : निस्ती मान हलव, सरजा. ग्यास मोठा करू? मान हलव... न्हाई? भुवई तरी उचल! पापणी हललेली बी चालंल मला!

सुकेशनी : त्या नाही उठणार.

सूर्यभान : दिसायलंय. दगडावानी बसलीय... थांब. थांब, आला. सूं सूं आला. हां. बरोबर हाय. म्हणली व्हती तसाच हाय. आता गप ऱ्हा, सुकेशनी, मला ऐकू दे.

सुकेशनी : मी गप राहू?

सूर्यभान : हां. जड व्हायलाय... जड झाला. बद्द वाजला! बारीक, बारीक, बारीक. आलं वर... आलं, आलं... गेलं खाली! एक! एक झाली, सरजा! थेंबभर सांडलं न्हाई!

सुकेशनी : काकाऽ! इथं एकतीस माणसं हसू दाबून बसलीत. नर्मदाबाईंनी तोंडात पदर घातलाय.

सूर्यभान : असू दे. दोन... तीन! झाला! आगं झाला की चहा! म्या केला!

सुकेशनी : ही वाजली पितळी. उघडा डोळे. कोणी बोलू नका हं, आधी चहा. काकू... काकू, डोळे उघडा. झाली वीस मिनिटं.

सरजाबाई : झाली? एवढ्यात?

सुकेशनी : तुम्ही रडायलात का?

सरजाबाई : न्हाई गं. हसून पाणी आलंय. दोनदा ढोपर उचललं व्हतं म्या. हात आपोआप सांडशीकडं जायला निघाला, तो धरून ठिवला दुसऱ्या हातानं. पर बसले. सुकेशनी, लय म्हणजे लय आनंद झालाय मला. पोरीवानी उड्या माराव्या वाटायलंय.

सुकेशनी : मारू नका, उठावं लागेल.

सूर्यभान : हे घ्या, खिडकीतनं घ्या. पयला कप सरजाला. फुंकून पी, लय गरम हाय.

(सरजाबाई फुंकून एक घोट घेतात.)

सूर्यभान : काय? कसा हाय?... बोल की.

सुकेशनी : बोलायचं नाही, काका. चव बघायची.

सूर्यभान : तोंड बघा ना तिचं. काय झालं? हे भगवानराव बघ, दुसरा कप मागायलेत, हातानं! चांगलाच असणार.

सुकेशनी : भगवानरावांना मधुमेह आहे, काका. तुमच्या चहात साखर नाही.

सूर्यभान : न्हाई कशी? म्या स्वतःच्या हातानं... अगं आई.

सुकेशनी : काय झालं?

सूर्यभान : काय न्हाई. प्या तुमी.

सुकेशनी : काका, हा रंगाचा कोरा चहा बोटाला चिकटायलाय. किती साखर घातलीय यात?

सूर्यभान : व्हती तेवढी.

सुकेशनी : सगळी?

सूर्यभान : मग काय करू? एवढी माणसं पयल्यांदा आली, हसत आली, पोखर्णीवरनं ऑटो करून आली. त्यांच्या म्होरं बिनसाखरेचा कोरा ठेवायचा? माझा हात धजला न्हाई, बाई. वाटलं, दोन मुठी घालू, गोड केला म्हणजे मयताचा वाटणार न्हाई. दोनाच्या चार झाल्या. मग पाकीटच संपलं.

सुकेशनी : आणि प्यायच्या चहाला राहिलीच नाही. पण एकानंही तक्रार केली नाही!

सूर्यभान : तू बोलू कुठं दिलंस त्यांना?

सरजाबाई : अजून हाय का?

सूर्यभान : आं?

सरजाबाई : चहा. घोटभर हाय का अजून?

सूर्यभान : साखर न्हाई त्यात.

सरजाबाई : ठावं हाय. पर गरम हाय. आन म्या बसलेय. द्या.

सुकेशनी : घ्या काकू. आणि हा कागद, ही काडी. तिसरीत शाळा सुटल्यावर आज पहिल्यांदा चित्र काढणार ना? काय काढणार?

सरजाबाई : ते न्हाई सांगत. आठ दिवस झाले ठरवून ठिवलंय. तू तिकडं जा, बघू नको. आन अवो, तुमीबी तोंड फिरवा.

सूर्यभान : फिरवलं... सुकेशनी, नर्मदाबाई काय काढायल्यात? तुळस दिसायलीय.

सुकेशनी : तुळसच आहे. आणि भगवानरावांनी बैल काढलाय, पण शिंगं आधी काढली, आता बैल कागदात मावेना. काका, इकडं बघा ना! सगळे कसे वाकून काढायलेत! सुरू केलं तेव्हा मला वाटलं होतं दहा जणसुद्धा यायचे नाहीत. पुढच्या रविवारी शाळेचं पटांगण मागावं लागेल!

सरजाबाई : झालं माझं. हे धरा. समद्यांच्या चित्रांसंगं कठड्यावर उन्हात वाळत घाला. हितनं मला दिसंल असं ठिवा.

सूर्यभान : आण... ही कोण?

सरजाबाई : वळखा.

सूर्यभान : लुगडं तुझं हाय. नाकबी तुझं हाय. पर ही तू न्हाई.

सरजाबाई : कामून?

सूर्यभान : ही बसलीय.

सरजाबाई : हां. बसलीय.

सूर्यभान : शेगडी कुठाय? किटली?

सरजाबाई : न्हाई काढली.

सूर्यभान : हातात काय हाय मग?

सरजाबाई : कप. वरनं त्या वाकड्या रेघा हायेत ना, ती वाफ. गरम हाय ते कळावं म्हून काढली.

सूर्यभान : सरजा, लगीन होऊन चाळीस वर्सं झाली. तुला अशी बसलेली म्या कवा पाह्यलीच न्हाई. वाईट वाटायलंय मला. खरंच.

सरजाबाई : म्याबी कुठं पाह्यली व्हती? म्हून तर येळ लागला काढायला. आता वाईट वाटून घेऊ नका. चहा चांगला झाला व्हता.

सुकेशनी : अगं बाई! काका, कठड्यावर मुंग्या! सगळ्या चित्रांना मुंग्या लागल्यात! नर्मदाबाईंच्या तुळशीवर रांग लागलीय रांग!

सूर्यभान : ती साखर! माझ्यामुळं झालं समदं. सरजा, तुझ्याबी चित्रावर चढल्यात. थेट कपापाशी गेल्यात बघ!

सरजाबाई : पिऊ द्या की. पाहुणे हायेत.

सूर्यभान : आगं, खातील कागद! ऊठ, ये लवकर, झटक!

सरजाबाई : सुकेशनी, टाइम झाला का उठायचा?

सुकेशनी : अजून पाच मिनिटं आहेत, काकू.

सरजाबाई : मग तुमीच झटका, हळूच. म्या बसलेय.