जाहिरातीत हरवलेले भाऊ

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी सतरंजीवर जरा पुढं सरका. आपली सगळी चाळ आली, रिक्षा स्टँडवरचेही आले. वहिनी, संतोष, तुमच्यासमोर भाऊंबद्दल 'होते' म्हणायला जीभ रेटत नाही. पण दाराला दार लागून जन्म गेला आमचा. मी नाही बोलायचं तर कोणी?

त्या पोस्टरचं बोलायलाच हवं. एका चहाच्या कंपनीला जाहिरातीसाठी साधा, घरातला वाटेल असा म्हातारा हवा होता. भाऊंची पांढरी दाढी त्यांना आवडली. दोन फोटो काढले. एकात भाऊंची नजर कुठंतरी लागलेली. खाली एवढंच: 'हे गृहस्थ हरवले आहेत. दिसल्यास कळवा.' चहाचं नावसुद्धा नाही. आठवड्यानं दुसरं पोस्टर लागायचं होतं. त्यात भाऊ हातात कप घेऊन हसतायत: 'सापडले. चहाच्या वासानं घरी आले.'

पहिलं लागलं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, भिंत मिळेल तिथं. मग काय, भाऊ दूध आणायला गेले की लोक धरायचे. रिक्षावाले उचलून थेट चौकीत न्यायचे. वहिनी विचारायच्या, "अहो, आज कोणाला सापडलात?" आपण पोट धरून हसलो. पोलिसांनी कंपनीला झापलं, पेपरात नाव येऊन छीथू झाली, कंपनीनं हात झटकले. दुसरं पोस्टर लागलंच नाही. समोर हार घातलेला हा फोटो आहे ना, तो त्यातलाच. कप तेवढा कापलाय.

भाऊ म्हणायचे, "माका शोधूचा ऱ्हवलाच रे." मला शोधायचं राहूनच गेलं. तेव्हा थट्टा होती ती.

पुढं ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग माझं नाव, मग आपला जिना. पोस्टरवरची ती नजर हळूहळू त्यांच्या तोंडावर आली.

एका सकाळी बाहेर पडले ते परतलेच नाहीत. संतोषनं खरी पत्रकं छापली, वहिनींचा नंबर घातला. मी स्टेशनबाहेर वाटत होतो. एक पोरगी म्हणाली, "काका, ही ती चहाची जाहिरात ना? जुनी झाली यार." नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं झालं. माणसापेक्षा जाहिरात मोठी झाली.

मार्वेच्या जेट्टीवर पोरांनी त्यांच्याबरोबर व्हिडिओ काढला. तो आपण सगळ्यांनी नंतर पाहिला. भाऊ विचारतायत, "माझं घर कुठंय?" मागून आवाज येतो, "झकास काका, परत एकदा." भाऊंनी परत विचारलं. त्यानं सांगितलं म्हणून नाही हो. खरंच विचारलं.

मनोरीच्या कोळी बांधवांनी त्यांना पाण्यातून काढलं. ओळख मी पटवली. खांदा मी दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण फोन त्यानंतर सुरू झाले.

"आजी, पत्रकातले ते काका इथं बसलेत. घर कुठंय विचारतात." कधी सांताक्रूझहून, कधी मुलुंडहून. वहिनी चप्पल पायात सरकवतात आणि निघतात. मी म्हटलं, "वहिनी, आपण भाऊंना पोचवून आलो ना?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पोचवलंत, भावजी. ते पोचले का?"



परवा मीही सोबत गेलो. घाटकोपरची एक टपरी. बाकावर कोणी नव्हतं. बशीत कप उपडा घातलेला, भाऊ घालायचे तसा. टपरीवाला म्हणाला, "आत्ताच उठले. न्यायला कोणी येत नाही म्हणाले." मी भुतंखेतं मानत नाही. पण तो कप मी हातात घेतला. गरम होता.

सगळे म्हणतात, नंबर बदला. आईची फरफट संतोषला बघवत नाही, त्याचंही खरं आहे. वहिनी नाही म्हणतात. मी म्हणतो, नंबर राहू दे, पण वहिनींनी एकटं जायचं नाही. आपण पाळ्या लावू. फोन आला की चाळीतलं कोणीतरी जाईल. तिथं दुसराच कोणी म्हातारा बसला असेल, तर त्याला त्याच्या घरी नेऊन सोडू. आणि भाऊच असले...

तर त्यांनाही घरी आणू. भिणार आहोत का आपल्याच माणसाला?

चला, उभे राहू या. थोडा वेळ कोणी बोलू नका. अशा वेळी फोन बंद करायला सांगतात. वहिनी, तुमचा चालू राहू द्या. इकडं द्या माझ्याकडं. वाजला तर मी उचलतो.