आप्पांनी फोन मोकळा केला

— व्हय तर! मला चकवणारा माणूस उभ्या इंदापूर तालुक्यात न्हाय, माधवी मॅडम. कळंबात कुणालाबी इचारा, आप्पाचं नाव काढलं की माणसं आधी खिसा चाचपतात आन् मग हसतात — आता तुमच्या कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमननं 'कंप्युटर खातं हितंच' म्हणून मला सकाळधरनं जिमखान्याच्या पायरीवर बसवलं, ती गोष्ट सोडा. बारामतीचं पाणी येगळं. पण मीबी सोडलं न्हाय, तुमच्या शिपायाला सांगितलं, मुंबईवरनं तपासणीला आलोय — हा बघा आला चहा, बिस्किटासकट! घ्या की. तपासणीचा चहा हाय, निवू देऊ नका.

हसताय काय, मी भांडायला आलोय. माझी नात मनीषा — तुमच्याकडंच पीएचडी करती, मेंढरं राखणाऱ्या बायकांच्या बोलण्यावर — तिच्या सगळ्या फायली गेल्या. बायकांचे आवाज, ओव्या, मेंढरांना मारायच्या हाका, सगळं गेलं. पोरगी धड जेवत न्हाय, म्हणती माझ्याच हातनं कायतरी झालं. आन् झालं कुणामुळं? तुमच्यामुळं! तिनं सुरवातीलाच इचारलं होतं, हे ठेवू कुठं? एक सर म्हणले, विद्यापीठाच्या ड्राइव्हवर ठेव. दुसरे म्हणले, तितं नको, शिक्षण संपलं की खातं बंद, त्यापरीस डिस्क घे. डिस्कचा अर्ज दिला, तर सही करणारे साहेब लग्नसराईत गुंतलेले. तिसऱ्या मॅडम म्हणल्या, दोन्हीकडं ठेव, वर आणि तिसरीकडंबी ठेव. अवो, एका मेंढीला कोंडायला तीन वाडगी? तुमचं तुमाला तरी कळतंय का? शेवटी बिचारीनं ड्राइव्हवर फोल्डर केलं आन् ते माझ्या फोनला जोडून दिलं. मीच मागितलं — निम्म्या फायलीत आमची बानूबाई, मनीषाची आजी. दिवाळीच्या तोंडावर गेली ती. मी आपला दुपारचा लिंबाखाली बसून ऐकायचो. तिनं हाक मारली ना मॅडम, तर टेकडीपल्याडचं कोकरूबी मान वर करायचं. फोनमधनं हाक आली तरी आमचं कुत्रं उठून दारात जायचं. येडं.

काय म्हणता? कुणी पुसल्याशिवाय फायली जात न्हाईत? — आता फोन भरला होता, त्याला काय करू? सारखा बोंबलायचा, जागा न्हाय, जागा न्हाय. भावकीच्या ग्रुपवरची ती सकाळची फुलं, सूर्य, कपबशा — मग माणूस जागा करणार का न्हाय? मला वाटलं, माझ्या फोनमधलं ते माझं, ड्राइव्हवरचं ड्राइव्हवर. माझ्या वाफ्याचं दारं बंद केलं म्हणून पाट आटतो व्हय? पाट आपला वाहतोय, खालच्याला पाणी जातंय. आन् तुमचा पाट कसला? शेवटच्या वाफ्यावरच्या म्हाताऱ्यानं दारं लावलं, तर वरचं धरणच कोरडं! ह्याला सोय म्हणायची? कुणी बांधलं हे? आणा त्याला समोर.

फुलं? — फुलं हायत की अजून फोनमधी. का?

असं बघू नका. एकच पुसायची होती. एकच. बोट जाड, नजर कमी, सगळं फोल्डरच गेलं. त्या एका फायलीत मनीषा तिला इचारती, 'आजी, आप्पा किती मजेशीर, तुला तर रोजच हसू!' मला वाटलं, आता हिच्या तोंडनं माझं कौतुक — मी आवाज वाढवला, शेजारचा दादासाहेब जात होता, त्यालाबी बसवला, म्हणलं ऐक. आन् ती म्हणती, 'सारं गाव हसवलं त्यांनी. मला कधी इचारलं न्हाय, तुला हसू येतंय का.' एवढंच. रागात न्हाय, काय न्हाय — भाकरी थापता थापता बोलावं तसं. दादासाहेब उठून गेला. आता मी कुणाला इचारू, सांगा की. जित्ती होतीस तवा बोलायचं होतंस, ह्या डबड्यात कशाला —

जाऊ द्या. चहा निवला तुमचा. मनीषाला सांगा, मशीन बिघडलं होतं. मशीन बिघडतं का न्हाय? बिघडतं. झालं तर. — काय, सापडलं? कचऱ्याच्या डब्यात? सगळं जसंच्या तसं? व्हय, व्हय, हाच तिचा — नको, लावू नका हितं, बंद करा! नुसतं परत टाका आन् मला वाटंला लावा, गाडी चुकायची माझी…

माधवी मॅडमनी माउसवरचा हात उचलला.

"सगळ्या परत येतील, आप्पा. ती एक आणू, का नको?"