सोजरबाईची जीभ

(माघातली दुपार. गावाबाहेरचं ज्वारीचं खळं, बाजूला सोजरबाईची झोपडी.)

रुख्मिणी : नाई म्हणू नको, मावशी. डोळ्यात जीभ फिरव अन् कुसळ काढून टाक.

सोजरबाई : मी सोडलं ते काम. साऱ्या गावाले माहीत आहे. तुले तं जास्तच.

रुख्मिणी : एकच डोळा राह्यला माहा. उपणून राह्यली होती, वारा फिरला. कुसळ त्यातच गेलं.

सोजरबाई : चोळला काय?

रुख्मिणी : दोनदा.

सोजरबाई : आता तिसऱ्यांदा चोळशील तं हात बांधून ठेवीन. जा, वाशीमच्या दवाखान्यात जा.

रुख्मिणी : सासऱ्यानं बैल रिसोडच्या बाजारात नेले. उद्या सांजेलोक येत नाईत. माह्यावर रागावली हायेस काय?

सोजरबाई : रागाले बी जोर लागते, पोरी. तीस वर्षं काढले मी कुसळं. पाटलाच्या डोळ्यातलं काढलं, महाराच्या डोळ्यातलं काढलं. कोणाचा डोळा गेला नाई. तुहा गेला. परवा जगदेवची सून डोळ्याले पदर लावून माह्या दारावरून गेली. थांबली नाई.

रुख्मिणी : मावशी...

सोजरबाई : तुही सासू चावडीसमोर काय बोलली? थेरडीच्या थुकीत जहर हाय म्हणे. माही सूनही तेच धरून बसली. नात तीन वर्षांची झाली, माह्या ताटात जेवाले बसू देत नाई तिले.

रुख्मिणी : अकोल्याच्या डॉक्टरनं थुकीचं नाव घेतलं नोतं.

सोजरबाई : मंग कायचं घेतलं?

रुख्मिणी : बुरशीचं. बुबुळावरचं खरवडून काचेखाली पाह्यलं त्यानं. म्हणे, कडब्यावर, दाण्यावर, शिळ्या अन्नावर असते ते. चांगल्या डोळ्याले काई करत नाई. कुसळाचा ओरखडा सापडला, वरून ओल सापडली, का आत मूळ धरते. लाखात एखाद्याले होते, म्हणे.

सोजरबाई : अन् औषध?

रुख्मिणी : पक्कं औषधच नाई म्हणे. तीन हप्ते रोज आयोडीन लावलं. दोघी जणी मले धरून ठेवत. चौथ्या हप्त्यात डोळाच काढला.

सोजरबाई : ओल कुठून सापडली पण? मी तं कोरड्या पदरानं पुसला होता.

रुख्मिणी : तुह्या पदरानं नाई, मावशी.

सोजरबाई : मंग कायनं? बोल नं वं. मी थकली हाओ, तुह्या तोंडाकडं किती पाहू?

रुख्मिणी : तू काढलं, तवा बरं वाटलं होतं. चौथ्या दिवशी खुपाले लागला. सासूनं शिळी भाकर ताकात कुसकरली, फडक्यात घालून डोळ्यावर बांधली. थंडाव्याले. आठ दिवस तेच फडकं. हिरवं पडलं होतं, वास येत होता.

सोजरबाई : डॉक्टरले सांगितलं?

रुख्मिणी : त्यानं इचारलं, डोळ्याले काय केलं. सासू बाजूलेच उभी होती. माह्या तोंडून तुहं नाव निंगालं. सोपं होतं, मावशी. भाकरीचं मी कोणालेच नाई सांगितलं.

सोजरबाई : तीन वर्षं.

रुख्मिणी : हो.

सोजरबाई : तीन वर्षं मी रोज सकाळी राखुंडीनं जीभ घासून राह्यली. रक्त येईलोक. म्हटलं खरंच असंन जहर, आपल्याले काय माहीत.

रुख्मिणी : मार मले. पण डोळा वाचव.

सोजरबाई : मारून काय करू? जिभेचं काय म्हटलं त्यानं?

रुख्मिणी : जीभबी नको म्हणे. उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, वरून काई टाकू नका, बांधू नका, अन् तसंच दवाखान्यात या.

सोजरबाई : मंग जीभ फिरव काहून म्हणून राह्यली?

रुख्मिणी : भेव वाटते. घरी गेली तं सासू फडकं घेऊन येईन. मले तुह्याच हाताचा भरोसा हाय.

सोजरबाई : बस इथं. पाणी चुलीवर ठेवते. हात मांडीखाली दाब.

रुख्मिणी : दाबले.

सोजरबाई : (पाणी उकळून गार झाल्यावर) झालं गार. मान वाकडी कर. डोळा मिटू नको. अजून एक धार. हलू नको, मायबाई. हे पाय, निंगालं. केसाएवढं आहे.

रुख्मिणी : मंग आता काई नाई नं?

सोजरबाई : ओरखडा पडला असंन. तो मले दिसत नाई, डॉक्टरले दिसंन. गफ्फार दमणीले बैल जुंपून आता वाशीमले निंगते. मी येते संगं. वाटेत सासूनं फडकं आणलं तं मी पायते.

रुख्मिणी : सासूच्या तोंडावर सांगते मी भाकरीचं. आजच सांगते. चावडीसमोर सांगते.

सोजरबाई : चावडी राहू दे. सासूलेबी राहू दे.

रुख्मिणी : मंग कोणाले सांगू?

सोजरबाई : माह्या सुनेले सांग. मंग नात माह्या ताटात बसंन.