कॅलिफोर्निया बघून आलेला चेअरमन

एक कप चहा पाजून तोच किस्सा किती वेळा उकरणार रं? बरं, ऐका.

दुष्काळात आमच्या सोसायटीचा चेअरमन अमेरिकेतलं कॅलिफोर्निया बघून आला. पारावर सांगत बसला, "एकाच राज्यात समुद्र, बर्फाचे डोंगर, वाळवंट! चिनी, मेक्सिकन, आपले पंजाबीबी! वाळवंटात संत्र्याच्या बागा, घरोघरी नळ!"

माझ्या बायकोनं ते लांबनं ऐकलं. घरी येऊन म्हणली, "अवो, तिथल्या बायांच्या टाळूवर केस असतील, न्हाय?" आन् पदर सारला. हंडे वाहून तिची टाळू उघडी पडली होती.

सकाळी हंडा म्या डोईवर घेतला. गावात गडीमाणूस कधी पाणी वाहत नसायचा. चेअरमन पारावरनं ओरडला, "लुगडंबी नेस की!" समदे हसले.

पाऊस पडंस्तोवर म्याच पाणी आणलं. तिचे केस परत आले. माफी तेवढी यायची राहिलीय, त्या चेअरमन दगडूअण्णाची.